कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण कोणी आणि केव्हा रचली ते सांगता येणार नाही. परंतु ज्याने रचली त्याची जमीन गेली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. बांधाच्या वादात एक पिढी, वाटणीच्या दाव्यात दुसरी पिढी, वकिलाची फी, तारखेमागून तारीख आणि शेवटी जो निकाल हाती येतो तो ऐकायला मूळ वादी हयात नाही, अशा अनुभवातून ती जन्मली असणार. म्हणजे ही म्हण मुळात दिवाणी आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पायरी चढायची की नाही, हे चढणाऱ्याच्या हाती आहे, असे ती मानते. शहाणा असेल तो चढणार नाही, हट्टी असेल तो चढेल. फौजदारी न्यायाच्या दारात मात्र ही म्हण लंगडी पडते. तिथे माणूस पायरी चढत नाही, त्याला चढवले जाते. त्याच्या शहाणपणाला त्या वेळी कोणी विचारत नाही. अशा माणसाला त्या पायरीवर उभे राहिल्यावर काय मागता येते आणि ते त्याला कशामुळे मिळते, हा प्रश्न माझ्या मनात अनेक वर्षे घर करून राहिला आहे.

मी टेंभुर्णीचा. पुणे-सोलापूर महामार्गावरचे आमचे गाव. इथून एक वाट पंढरपूरला जाते, एक कुर्डुवाडीवरून बार्शीकडे आणि एक अकलूजकडे. उजनीचे पाणी आल्यापासून ऊस आला, उसामागून कारखाने आले आणि त्यांच्यामागून ट्रॅक्टर, ट्रक, ढाबे, गॅरेज, औद्योगिक वसाहत असे सारे आले. महामार्गावरच्या गावाला फौजदारी कायद्याची ओळख फार लवकर होते. अपघात, डिझेलची चोरी, ढाब्यावरची बाचाबाची, रात्री उभ्या केलेल्या गाडीतून नाहीसा झालेला माल यांतले काही ना काही रोज घडते आणि प्रत्येक घटनेनंतर कोणाला तरी बोलावणे येते. मी बावीस वर्षे तहसील कचेरीबाहेर मराठी टंकलेखन यंत्र मांडून बसलो. उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, वारसनोंदीची निवेदने हा माझा नित्याचा व्यवसाय. त्यात अधूनमधून फौजदारी कागदही येत. त्या यंत्रावर बसल्या बसल्या मी मराठी भाषा जितकी शिकलो, तितकी शाळेत शिकलो नव्हतो. पुढे वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात नाव घातले, तेव्हा भाषेच्या पाठ्यपुस्तकात मला माझ्या टेबलावरचेच शब्द भेटू लागले.

फिर्याद, जबाब, जामीन, मुचलका, मुद्देमाल, वकील, तारीख, हजर. या शब्दांकडे एकदा निरखून पाहावे. यांतील बहुतेक फारसी किंवा अरबी वळणाचे आहेत. 'मुचलका' तर तुर्की मुळाचा मानतात. राज्ये बदलली, झेंडे बदलले, पण माणसाला पकडण्याची आणि सोडण्याची भाषा फारशी बदलली नाही. त्या भाषेला तिचे स्वतःचे ठरीव साचेही आहेत. प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक वाक्य असते: वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हे वाक्य लिहिलेले आहे. आणि ते खरे आहे की नाही, हे नेमके त्यालाच तपासता येत नाही. त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे, हे त्याच्याखेरीज बाकी सर्वांना ठाऊक असते. फौजदारी न्यायाचा बराचसा प्रश्न या एका वाक्यात साठलेला आहे, असे मला वाटते.

न्यायालयीन निकालांविषयी माझ्या मनात कुतूहल जागे झाले ते एका मराठी पुस्तकामुळे. एक ज्येष्ठ वकील दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी चहा घेत बसत. त्यांनी एकदा मला प्रभाकर संझगिरी यांच्या खटल्याची हकीकत सांगितली. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले आणि देशात आणीबाणी जाहीर झाली. त्या काळात भारत संरक्षण नियमांखाली अनेक कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. संझगिरी त्यांपैकी एक. मुंबईच्या तुरुंगात असताना त्यांनी सरकारच्या परवानगीने एक मराठी पुस्तक लिहिले. विषय होता अणुविज्ञान आणि नाव होते 'अणूच्या अंतरंगात'. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. मार्च १९६४ मध्ये सरकारने ती नाकारली. पुस्तकात देशाच्या सुरक्षिततेला धोकादायक असे काही आहे, असे सरकारचे म्हणणेच नव्हते. म्हणणे एवढेच होते की, स्थानबद्धाला पुस्तक प्रकाशित करू देण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन आमच्यावर नाही.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे संझगिरी जिंकले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी तिथेही हरले. सरकारचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. स्थानबद्धाला काय काय करता येईल, याची यादी नियमांत दिलेली आहे. तीत पत्रे आहेत, भेटी आहेत, वाचायची पुस्तके आहेत. पुस्तक लिहून बाहेर पाठवणे त्या यादीत नाही. सबब ते करता येणार नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी हा युक्तिवाद उलटा करून दाखवला. नियमांत जेवण देण्याविषयी काही लिहिलेले नसेल, तर स्थानबद्धाला उपाशी मारता येईल काय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. ती यादी सवलतींची नाही, निर्बंधांची आहे. कायद्याने जेवढे काढून घेतले तेवढेच गेले; उरलेले सारे त्या माणसाकडे राहिले.

हे ऐकले त्या दिवशी मी घरी जाताना एस.टी.च्या खिडकीशी बसून त्याच विचारात होतो. आपण सामान्य माणसे स्वातंत्र्याचा विचार नेमका सरकारी वकिलासारखा करतो. अमुक करायला परवानगी आहे का, तमुक चालते का, कुठे लिहिले आहे का, असे विचारत आपण जगतो. कचेरीच्या दाराशी उभा राहणारा प्रत्येक माणूस परवानगीची यादी शोधत असतो. संझगिरींच्या निकालाने प्रश्नाची दिशा बदलली. मला कुठे परवानगी आहे, हे मी दाखवायचे नाही. मला कुठे मनाई आहे, हे तुम्ही दाखवायचे. नागरिक आणि प्रजा यांच्यातला फरक याहून सोप्या शब्दांत मी अन्यत्र वाचलेला नाही. तो सांगायला निमित्त झाले ते तुरुंगात लिहिलेले एक मराठी विज्ञानपुस्तक, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तथापि न्यायालये नेहमीच अशी वागतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आमच्याच जिल्ह्याचा इतिहास त्याला साक्ष आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले. गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जाळली गेली. १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सोलापुरात त्यांना हुतात्मे म्हणतात, त्यांच्या नावाने चौक आणि उद्याने आहेत; न्यायालयाच्या दप्तरात मात्र ते खुनी म्हणून नोंदले गेले. निकाल आणि न्याय हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे आमच्या जिल्ह्यातले शाळकरी मूलही एवढ्यावरून शिकू शकते.

हे पारतंत्र्यात घडले, असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, तर २८ एप्रिल १९७६ हा दिवस आडवा येतो. जून १९७५ मध्ये अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली होती. हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात होती. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: आम्हाला बेकायदा डांबले असेल, तर ते न्यायालयाला सांगता येईल की नाही? मुंबईसह देशातील नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांसाठी दार उघडे ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते चार विरुद्ध एक अशा बहुमताने बंद केले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरलना विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर उपाय काय? आणीबाणी आहे तोवर उपाय नाही, असे उत्तर आले. खन्ना एकटे विरोधात गेले. पुढच्याच वर्षी त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायाधीशांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना तो जुना निर्णय रद्दबातल ठरवला, तेव्हा तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड. मधल्या काळात, म्हणजे आणीबाणी उठल्यानंतर, ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तरतूद झाली होती. बंद झालेले दार उघडायला दुरुस्ती लागली, निकाल लागला आणि मध्ये एक्केचाळीस वर्षे गेली.

आता एक छोटी हकीकत सांगतो. ती कोणत्याही निकालपत्रसंग्रहात सापडणार नाही. २००१ सालचा उन्हाळा होता. फाटक्या पातळातली एक बाई कडेवर मूल घेऊन माझ्या टेबलाशी आली. ती भटक्या जमातीतली होती. तिच्या नवऱ्याला तीन दिवसांपूर्वी पहाटे पालावरून उचलून नेले होते. कुठे नेले ते तिला सांगितले नव्हते. दोन ठाण्यांत ती विचारून आली होती. दोन्हीकडे तिला हुसकावून लावले होते.

"दादा, एक कागद लिवून द्या," ती म्हणाली.

"कोणाला लिहायचा, ताई?"

"कुनाला बी. ज्याचं पोलीस ऐकत्यात त्याला."

अर्ज कोणाला लिहावा, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, असे राज्यघटनेचा बाविसावा अनुच्छेद सांगतो. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अकरा सूचना घालून दिल्या होत्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर त्याच्या नावाची पट्टी हवी. अटकेच्या जागीच वेळ आणि तारीख लिहिलेला कागद तयार व्हावा आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्ष हवी. अटकेची बातमी नातेवाइकांना कळवली जावी. कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. हे सारे माझ्या वकील स्नेह्यांनी मला सांगितले आणि मी ते अर्जात उतरवले. उचलून नेल्याची पहाटेची वेळ घातली, पालाची जागा घातली, पाहणाऱ्यांची नावे घातली. अर्ज दंडाधिकाऱ्यांच्या नावे गेला. त्याच संध्याकाळी त्या माणसाला अटक दाखवण्यात आली.

'अटक दाखवणे' हा मराठी शब्दप्रयोग आपण रोज वृत्तपत्रांत वाचतो आणि त्याच्यावरून पुढे जातो. अटक करणे ही एक क्रिया आणि अटक दाखवणे ही दुसरी. त्या दोहोंच्या मध्ये जो काळ असतो, तो कुठल्याही दप्तरात नसतो. त्या काळात माणूस कुठे असतो, त्याच्यावर काय गुदरते, हे भाषेला ठाऊक आहे. म्हणूनच तिने दोन वेगळी क्रियापदे ठेवली आहेत. न्यायालयाने अटकेच्या कागदावर वेळ लिहायला सांगितली, ती या दोन क्रियापदांमधले अंतर पुसण्यासाठी. अर्जाने त्या माणसाचे तीन दिवस परत आले नाहीत. पण चौथा दिवस नोंदीत आला, आणि नोंदीतल्या माणसाला मारताना हात थोडा तरी आखडतो.

या सूचनांच्या मागेही एक महाराष्ट्राची कहाणी आहे. शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि तिच्यावर स्त्री शिपाई, अटकेची खबर ताबडतोब विधी साहाय्य समितीला, आणि दंडाधिकाऱ्याने पुढे आलेल्या प्रत्येकाला 'तुला कोठडीत छळले काय' असे स्वतःहून विचारणे, अशा सूचना आल्या. शेवटची सूचना मला विशेष मोलाची वाटते. न्यायाधीशाने विचारायचे आहे. आरोपीने धाडस करून सांगण्याची वाट पाहायची नाही. ज्याला परत त्याच कोठडीत जायचे आहे, तो आपण होऊन काय सांगणार?

त्या बाईच्या नवऱ्याला जामीन मंजूर झाला, पण तो सुटला नाही. जामीनदार हवा होता. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे किंवा ज्याच्याकडे पगाराचा दाखला आहे असा माणूस. पालावर राहणाऱ्यांच्या नात्यागोत्यात सातबारा कुठून येणार? पाच आठवडे तो माणूस जामीन मिळूनही आत राहिला. मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या बाबतीत मध्य प्रदेशात असेच घडले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायला सांगितले, खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला जामीनदार मानले नाही. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा हुकूम दिला. गरिबाला त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणे म्हणजे जामीन नाकारणेच होय, हा त्या निकालाचा आशय. तो निकाल लागून तेवीस वर्षे झाली होती. पण आमच्या भागात तो पोचायचा होता. दिल्लीत लागलेला निकाल तालुक्याच्या गावी आपोआप येत नाही. तो कोणीतरी हातात धरून आणावा लागतो.

खटला साडेतीन वर्षे चालला आणि माणूस सुटला. ती बाई निकालाची नक्कल घेऊन पुन्हा माझ्याकडे आली, ती वाचून घेण्यासाठी. मी शेवटचा परिच्छेद वाचला: आरोपीस संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. तिने मला पुन्हा वाचायला सांगितले. मग म्हणाली, "म्हंजी संशय ऱ्हायलाच की, दादा."

मी तिला समजावले. कायद्यातला हा संशय माणसाविषयीचा नसतो, पुराव्याविषयीचा असतो. सरकारने सांगितलेली गोष्ट शंकेला जागा न ठेवता सिद्ध झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शंका जिथे उरते तिथे ती आरोपीच्या बाजूने झुकवायची, हा फौजदारी न्यायाचा कणा आहे. तो मोडला तर ज्याच्याविषयी कोणाला शंका आली तो प्रत्येक माणूस दोषी ठरेल. तिने शांतपणे ऐकून घेतले. "वाचनाऱ्याला तसं कळंल का?" एवढेच तिने विचारले.

तिची शंका निराधार नव्हती. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसवले होते. त्यांना हजेरी द्यावी लागे. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरकरांच्या तोंडी अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का गेला. गावाच्या नजरेतून तो तितक्या सहजपणे गेला नाही. संशयाचा फायदा हे शब्द न्यायाधीशाने लिहिले ते कायद्याच्या अर्थाने. पालाशेजारचे गाव ते वाचणार होते आपल्या जुन्या अर्थाने.

हा जुना अर्थ किती दूरवर नेऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला. पाच जणांचे प्राण गेले. भटक्या जमातीतील सहा पुरुषांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. नंतर पुनर्विचाराची सुनावणी झाली. घटनेत वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून ओळखलेली माणसे वेगळीच होती, हे त्या वेळी समोर आले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला, ही त्या संस्थेची थोरवी म्हणावी. पण दहा वर्षांपूर्वीच्या निकालाप्रमाणे फाशी झाली असती, तर फिरवण्यासाठी निकाल उरला असता, माणसे उरली नसती. फाशीच्या शिक्षेविषयी कोणाचे काहीही मत असो, हा हिशेब मांडल्याशिवाय ते मत बनवू नये, असे मला वाटते.

त्या बाईने निकालाची नक्कल हाती घेतली होती, हीदेखील साधी गोष्ट नाही. तिच्यामागेही एक निकाल आहे, आणि तोही महाराष्ट्र राज्याविरुद्धचा. होसकोट नावाचे एक प्राध्यापक बनावट पदव्यांच्या प्रकरणात दोषी ठरले होते. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील करायला त्यांना चार वर्षांहून अधिक उशीर झाला आणि निकालाची नक्कलच आपल्याला मिळाली नाही, असे त्यांनी कारण दिले. नक्कल तुरुंगाधिकाऱ्यांकडे गेली होती; कैद्याच्या हाती पडल्याचा पुरावा नव्हता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, पण फेटाळताना नियम घालून दिला: शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल विनाविलंब आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, ती मिळाल्याची त्याची सही घेतली पाहिजे आणि वकील देण्याची ऐपत नसलेल्याला वकील मिळाला पाहिजे. ज्याच्यामुळे हा हक्क स्पष्ट झाला तो मनुष्य सज्जन होता की नव्हता, हा प्रश्नच गैरलागू आहे. हक्क फक्त सज्जनांसाठी ठेवायचे म्हटले, तर सज्जन कोण हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळे हक्क जातात.

तुमच्यापैकी अनेकजण माझ्यासारखेच उशिरा शिकायला बसलेले असतील. कोणी कारखान्यात असेल, कोणी अंगणवाडीत, कोणी एस.टी.त, कोणी शेतात. मराठीची पदवी घेऊन काय उपयोग, असा प्रश्न घरात ऐकावाही लागत असेल. त्यांना मी माझ्या टेबलावरून एवढेच सांगेन की, ज्या निकालांची हकीकत मी इथे सांगितली ते सारे इंग्रजीत लिहिलेले आहेत आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांतल्या फार थोड्यांना ती भाषा येते. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद उपलब्ध होऊ लागले आहेत. तरी अनुवादातल्या 'बंदिप्रत्यक्षीकरण' या शब्दापासून "ज्याचं पोलीस ऐकत्यात त्याला" या वाक्यापर्यंतचे अंतर कोणीतरी चालून जावे लागते. ते काम वकिलाइतकेच भाषा जाणणाऱ्याचेही आहे. तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीतल्या कोणाही माणसाला तिथे विनामूल्य वकील मागता येतो. हे गावात किती जणांना माहीत आहे, ते एकदा विचारून पाहावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल दिला. याचिका मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची होती. कैद्यांना जातीनुसार कामे वाटणारे तुरुंग नियमावल्यांतील नियम त्या निकालाने घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. १९५२ मध्ये जो शिक्का पुसला गेला, तो नियमावल्यांच्या पानांत बहात्तर वर्षे कसा तग धरून होता, हे त्या निकालात सविस्तर वाचायला मिळते. मी तो वाचत असताना सोबत एक वही ठेवली आणि मला अडलेला प्रत्येक शब्द आमच्या बाजूच्या बोलीत कसा सांगता येईल, ते समोर लिहीत गेलो. वही अर्धी भरली आहे. उरलेली पाने याच पावसाळ्यात भरायचा विचार आहे.